शिरपा आणि भिंतीचा काटा

आमच्या धाकट्या नणंदेचं पहिलं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा मी गणपतीला नवस बोलले. मोदक नाही बोलले. मोदक सगळेच बोलतात, त्या बिचाऱ्याने तरी किती खायचे! मी म्हटलं, "देवा, दोन्ही जीव सुखरूप सुटू देत, दर संकष्टीला मी उपाशी माणसांना चंद्र उगवेपर्यंत हसवत ठेवीन." सुटले. भाच्याला आता मिसरूड फुटलंय, आणि मी अजून नवस फेडतेच आहे. आजही चंद्राला उशीर आहे. तोवर ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात शिरपा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हटलं की तो दिवेलागणीपर्यंत तिथेच थांबायचा.

त्याला आईबाप नव्हते. गजरामावशीने त्याला वाढवलं. मावशी भैरोबाच्या देवळात स्वयंपाक करायची. शिरपा मात्र कुठल्याच कामावर टिकत नव्हता. आपल्यामागे या पोराचं कसं होणार, या काळजीने मावशीला झोप लागायची नाही. शेवटी तिने भैरोबाला साकडं घातलं, "माझा शिरप्या एका तरी कामावर चैत्राच्या यात्रेपर्यंत टिकू दे. सगळ्या गावाला पुरणपोळी घालीन."

भैरोबाने काम दिलं, आणि तेही बसून करायचं.

त्याचं असं झालं. देवळाच्या मंडपाला चिकटून कमिटीने नवं स्वयंपाकघर बांधलं होतं. मंडपाची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत पाठीला पाठ लावून उभ्या. पण हल्ली त्यांचं पटेनासं झालं होतं. मधे फट पडली होती. स्वयंपाकघराच्या डोक्यावर पाण्याची भलीमोठी टाकी चढवली, तेव्हापासून पडली होती.

"टाकीचा काही संबंध नाही," कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब शितोळे म्हणायचे. "टाकी आमच्या मेव्हण्याने बसवलीय."

तालुक्याहून इंजिनीअर सबनीस बाई आल्या. त्यांनी फटीवर एक यंत्र बसवलं. दिसायला घड्याळासारखं. गोल तबकडी, काचेखाली एकच काटा, आणि कडेला एक लाल रेघ.

"हे बघ, शिरपा," बाई म्हणाल्या. "याचा एक पाय या भिंतीत, दुसरा पाय त्या भिंतीत. भिंती लांब सरकल्या की काटा पुढे जाणार. लाल रेघेला टेकला की मंडप रिकामा करायचा. तू इथे बसायचं. काट्यावरून नजर काढायची नाही."

"नाही काढणार."

शिरपा बसला. नजर काट्यावर. थोड्या वेळाने एक शेळी मंडपात आली. तिने देवापुढचे हार खाल्ले. नैवेद्य खाल्ला. मग शिरपाच्या मांडीवरून उडी मारून निघून गेली.

म्हादू गुरव धावत आला. "अरे ए! शेळी तुझ्या मांडीवरून गेली की!"

"गेली असंल," शिरपा म्हणाला. "काट्यावरनं नाही गेली."

म्हादूने कपाळावर हात मारला. "अरे ठोंब्या, नुसतं टकामका बघत बसतात होय? काही हलताना दिसलं की बोंब मारावी!"

"बरं. आता बोंब मारीन."

दुसऱ्या दिवशी मंडपात सभा होती. यात्रेची वर्गणी, भजनी मंडळं, सगळं ठरायचं होतं. अण्णासाहेब बोलायला उभे राहिले. तोंडात नवीकोरी कवळी. "बंधूंनो आणि भगिनींनो," असं ते म्हणाले मात्र, कोपऱ्यातून शिरपाने बोंब मारली.

"हलली! हलली! हलली!"

सगळ्यांना वाटलं, भिंत. बाया पोरांना काखोटीला मारून पळाल्या. म्हादू गुरव खिडकीतून जायला निघाला आणि निम्मा तिथेच अडकला. मंडप रिकामा झाला. आत राहिले शिरपा, अण्णासाहेब आणि म्हादूचे पाय.

"काय हललं रे?" अण्णांनी घाबरून विचारलं.

"तुमची कवळी."

अण्णा लालबुंद झाले. "मूर्खा! चारचौघांत अशी बोंब मारतात? जवळ जावं. किती हललं ते नीट मोजावं. आणि हळूच कानात सांगावं."

"बरं. आता कानात सांगीन."

यात्रा जवळ आली. मंडपाला तोरणं बांधायची होती. दुसऱ्या कुणाला सरळ बांधता येत नाहीत, म्हणून अण्णा स्वतः शिडीवर चढले. खाली समईचं तेल सांडलेलं. शिडीचा पाय सरकायला लागला.

शिरपाने ते पाहिलं. बोंब नाही मारली. शिडीजवळ गेला. बोटं लावून मोजलं. एक बोट. दोन बोटं. चार बोटं.

"शिडी धर!" अण्णा वरून ओरडले. "अरे, धर तिला!"

पण मोजून झालं होतं. आता कानात सांगायचं होतं आणि अण्णांचा कान तर वर. म्हणून शिरपा शिडी चढायला लागला.

अण्णा झेंडूच्या पाटीत पडले, आणि शिरपा अण्णांवर. तेवढ्यात कान जवळ आला. शिरपा हळूच म्हणाला, "चार बोटं."

"हाकला याला!" अण्णा फुलांतून ओरडले. "आत्ताच्या आत्ता हाकला!"

गजरामावशी पिठाच्या हाताने धावत आली. "अण्णा, पाया पडते तुमच्या! यात्रा तोंडावर आलीय. तेवढं राहू द्या त्याला. माझा नवस आहे हो."

"अगं, नवस तुझा, आणि कंबर माझी!"

सबनीस बाई तेव्हा काटा बघायला आल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "राहू द्या, अण्णासाहेब. काटा ठीक आहे. फक्त टाकी अर्ध्याच्या वर भरू नका." मग त्या शिरपाकडे वळल्या. "हे बघ, शिरपा, आता मोजायचं नाही की ओरडायचं नाही. तू फक्त या यंत्राला जप. याला धक्का लागला तर सगळं मोजमाप वाया गेलं. जगबुडी आली तरी याला धक्का लागता कामा नये."

"जगबुडी आली तरी?"

"तरी."

शिरपाने हे नीट लक्षात ठेवलं.

यात्रेचा दिवस उजाडला. मंडपात पंगत बसली. पत्रावळ्या मांडल्या, मीठ वाढलं, लिंबू वाढलं, कटाची आमटी वाढली. सगळा गाव पोळीची वाट बघत होता. स्वयंपाकघरात मावशी पोळ्या लाटत होती आणि मधेमधे देवाला हात जोडत होती. आजचा दिवस निघाला की झालं!

सबनीस बाई पंगतीत होत्या. अण्णाही होते, कमरेला पट्टा बांधून. आज पाणी कमी पडायला नको म्हणून अण्णांनी पहाटेच टाकी काठोकाठ भरून घेतली होती. बाईंना काही सांगितलं नव्हतं.

शिरपा यंत्रापाशी बसला होता. काटा हलला. थोडा थांबला. मग लाल रेघेकडे चालायला लागला. फटीतून माती गळू लागली.

शिरपा विचारात पडला. बोंब मारावी तर अण्णा रागावतात. मोजून कानात सांगावं तर अण्णा पडतात. आणि ही तर जगबुडीच दिसतेय. म्हणजे यंत्राला जपलं पाहिजे.

त्याने यंत्राचे स्क्रू काढले. एक पाय या भिंतीतून सोडवला, दुसरा त्या भिंतीतून. आता याला धक्का लागणार नाही अशी मऊ जागा कुठली? स्वयंपाकघरात मावशीच्या शेजारी पुरणाची परात होती. लोण्यासारखं पुरण. शिरपाने यंत्र पुरणात खोल दाबलं. वर फडकं टाकलं, परात डोक्यावर घेतली आणि पळत सुटला.

"शिरप्या! मेल्या, पुरण कुठं नेतोस?" मावशी लाटणं घेऊन त्याच्यामागे. तिच्यामागे पोळ्या भाजणाऱ्या बाया. शिरपा मंडपातून, पंगतीच्या मधून पळाला.

"अहो, पुरण चाललं!" कुणीतरी ओरडलं.

कवळी हलली तेव्हा निम्मा गाव पळाला होता. पुरण चाललं म्हटल्यावर अख्खा पळाला. म्हातारे उठले, पोरं उठली. म्हादू या खेपेला दारातून गेला. सगळ्यांच्या पुढे अण्णासाहेब, कंबर-बिंबर विसरून.

शिरपा थेट देवळासमोरच्या चिंचेखाली जाऊन थांबला. गाव धापा टाकत भोवती जमला. मावशीने लाटणं उगारलं.

आणि धडाम!

स्वयंपाकघराची भिंत टाकीसकट खाली बसली, आणि बसता बसता मंडपाची भिंतही घेऊन गेली. टाकीचं पाणी पत्रावळ्या वाहून घेऊन पायरीपर्यंत आलं. धुरळा खाली बसला. आत एकही माणूस नव्हतं. मावशीचं लाटणं वरच राहिलं.

"टाकीचा काही संबंध नाही," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

सबनीस बाई शिरपाजवळ आल्या. त्यांनी विचारलं, "शिरपा, काटा... काटा किती पुढे गेला होता?"

शिरपा खाली मांडी घालून बसला होता. त्याने पुरणातून यंत्र काढलं. काच चाटून स्वच्छ केली. डोळ्यासमोर धरली.

"काटा एकदम गप आहे, बाई," तो म्हणाला. "केसभरसुद्धा हलत नाही. भिंत ठणठणीत आहे."

"अरे, मागे वळून बघ की!" सगळा गाव ओरडला.

"नाही बघणार," शिरपा म्हणाला. "काट्यावरून नजर काढायची नाही."

मग मावशीने लाटणं खाली टाकलं आणि पडलेल्या मंडपाकडे तोंड करून हात जोडले. शिरपा यात्रेपर्यंत कामावर टिकला होता. भिंत टिकली नव्हती, पण भिंतीचा नवस नव्हता. तिने चिंचेखाली तीन दगडांची चूल मांडली आणि गावाला पुरणपोळी घातली. शिरपाला तिने स्वतःच्या हाताने भरवलं, कारण त्याचे दोन्ही हात यंत्राला जपत होते.

हसलात ना? मग माझा आजचा नवस फिटला. आता तुम्हीही एवढं करा. पुढच्या संकष्टीला एखादं उपाशी माणूस गाठा आणि चंद्र उगवेपर्यंत त्याला हसवत ठेवा. आणि उठताना एकदा मागे वळून आपल्या भिंतीकडेही बघा.