विनोद कितव्या भागात?

“मग विनोद कितव्या भागात घालू, तेवढं सांगा, आबा!”

वल्लभ हसबनीस तिसऱ्यांदा विचारत होता. त्याच्या दोन मालिका घरोघरी गाजल्या होत्या. तिसरी एका जीवघेण्या विषाणूची होती. दरड कोसळून घाटात अडकलेली बस, आत एकोणीस माणसं, आणि त्यांच्यातच पसरत चाललेली साथ. वाहिनीनं ती दोनदा परत पाठवली होती. उद्या शेवटची बैठक.

आबा शिरगुप्पे मिरजेच्या आपल्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. त्यांनी जन्मभर नाटकं बसवली. वल्लभला लिहायला शिकवलं तेही त्यांनीच.

“आत्ता काय काय आहे त्यात?”

“पहिले चार भाग भय. पाचव्यात प्रेम. सातव्यात रहस्य. वाहिनी म्हणते, सगळं सुटं सुटं दिसतं.”

“खरं म्हणते.”

“पण प्रत्येक जॉनर, प्रत्येक रस आपापल्या जागी चोख आहे! चूक कुठं आहे, बोट ठेवून दाखवा.”

“कुठं ठेवू? त्यात जिवंत माणूस सापडेल तर ठेवीन ना! पाचव्या भागात ती दोघं प्रेम करतात, तेव्हा त्यांची भीती कुठं जाते?”

“ती चौथ्यात संपते.”

आबांनी हातातलं सूप जमिनीवर आपटलं. शेंगा खोलीभर उडाल्या.

“संपते? अरे, भीती संपते? … किती वर्षं डोकं फोडलं रे तुझ्यापुढं!”

“ते राहू द्या. प्रमाण सांगा. भय किती, विनोद किती…”

आबा बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला.

साधा नव्हता. ते पुढं वाकले, चेहरा लाल झाला, श्वास मिळेना.

वल्लभ उठला तो थेट दारात. नाकावर रुमाल. एक पाय चपलेत.

साथीच्या वर्षी तो आजारी वडिलांच्या खोलीच्या दारात असाच उभा राहिला होता. आत गेला नव्हता.

आबा खोकतच होते…

वल्लभनं खाली पाहिलं. घाईत पाय आबांच्या चपलेत गेला होता. टाच दोन बोटं बाहेर. त्याला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि त्याला ते आवरेनात.

रुमाल खिशात कोंबून तो आत आला. माठातलं पाणी घेतलं. आबांच्या पाठीवर एक हात ठेवून पेला त्यांच्या ओठांना लावला. तोंड मात्र त्यानं बाजूला वळवलं होतं.

खोकला थांबला.

वल्लभ जमिनीवरच्या शेंगा गोळा करू लागला.

“आबा… खोकला खरा होता, की नाटक केलंत?”

आबांनी कपाळावर हात मारून घेतला.

“पाणी खरं होतं ना? मग ते पाजताना तुझी भीती संपली होती का रे?”