परत आणलेली साखर

समुद्रापलीकडे लढाई चालली होती. तिथला चंद्रगड जिंकल्याची खबर आली की प्रधान राजासोबत हत्तीवरून साखर वाटत. सांजउन्हात ती चांदण्यासारखी झरे आणि सारं नगर गोड गुंगीत डोले. भागाक्काचा लेक त्याच लढाईत होता. तिच्या घशाखाली साखर उतरेना.

तिसऱ्या खेपेला ती जपून ठेवलेल्या दोन पुड्या घेऊन हत्तीपुढे उभी राहिली.

"विजयाची साखर नको होय गं तुला?" प्रधान गरजले.

"हवी की. पण प्रधानजी, हाच गड आषाढात जिंकलात, दसऱ्याला जिंकलात, आज पुन्हा जिंकलात. म्हणजे मधे दोनदा घालवलात. त्या दोन वेळची परत करते."

राजाच्या मुठीतली साखर ओघळली.

"उद्या हत्ती नको," तो पुटपुटला. "जहाजं सोडा. पोरांना घरी आणा."