गुळाच्या खड्यावर मिटलेलं भांडण

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर होते पण त्यांना कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कड्यावर आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लागत. गावातली माणसं कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरत, धूर करून माश्या उठवत आणि मध काढत. हे काम दोघांचं. एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं कड्याच्या काठावर बसून दोर धरायचा. खालच्यानं 'ढील दे' म्हटलं की दोर सोडायचा, 'ओढ' म्हटलं की ओढायचा. धुरात डोळ्यांचा फारसा उपयोग नसे. दोघांना जोडून ठेवणारी खरी गोष्ट म्हणजे हाक.

हे काम शिकवणारी एक शाळा गावात होती. तिचे गुरू होते भानजी नाईक. नाईक मोठे कसबी होते, आणि त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. ते म्हणत, "माझ्या शाळेत भांडण नाही. झालंच, तर ते चूल विझायच्या आत मिटतं."

मिटवायची त्यांची रीत सोपी होती. कोण काय म्हणतो, हे ते विचारत नसत. भांडणाऱ्या दोघांना सगळ्यांसमोर उभं करायचे, मिठी मारायला लावायचे, दोघांच्या तोंडात गुळाचा एकेक खडा घालायचे आणि म्हणायचे, "मिटलं. आता यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही." आणि खरंच कुणी बोलत नसे.

या शाळेत खेमा आणि सोनबा नावाचे दोन तरुण होते. खेमा चपळ, बोलका, चारचौघांना हसवणारा. सोनबा अबोल आणि अंगानं दणकट. खेमानं उतरायचं आणि सोनबानं दोर धरायचा, अशी त्यांची जोडी होती. सोनबा स्वतः कधी उतरत नसे. का, ते फक्त खेमाला माहीत होतं. एकदा मन मोकळं करताना सोनबानं त्याला सांगितलं होतं, "खाली पाहिलं की माझे डोळे फिरतात रे. पाय लटपटतात. कुणाला सांगू नकोस."

खेमानं ते बरेच दिवस पोटात ठेवलं. पण एका लग्नात जेवणं झाल्यावर गप्पांचा फड रंगला, आणि हसवायला नवं काही उरलं नाही तेव्हा त्याची जीभ सुटली. मांडवाच्या खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून तो किंचाळला, "आई गं, पडलो! सोनबा पडला!" सगळा मांडव हसला. बायका हसल्या, पोरं हसली.

सोनबा उठला. त्यानं खेमाच्या तोंडावर ठोसा मारला. खेमाचा पुढचा दात तुटला.

नाईक धावत आले. सोनबा म्हणाला, "नाईक, माझं ऐकून तर घ्या."

खेमाही तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, "मलापण काही सांगायचंय."

"ऐकत बसलो तर उजाडेल," नाईक म्हणाले. "लग्नघर आहे, शोभा करू नका. मारा मिठी."

दोघांनी मिठी मारली. खेमाच्या तोंडातला गूळ रक्तानं खारट झाला. सोनबानं आपला खडा न चावताच गिळला. नाईक म्हणाले, "मिटलं!" आणि लोकांनी मान डोलावली. गुरू असावा तर असा, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं थांबलं. भांडण नव्हतं, शिवी नव्हती. कामापुरते ते समोरासमोर येत आणि नजर खाली घालून निघून जात. दोर धरताना तोंडी हाका गेल्या. एक झटका म्हणजे ढील, दोन म्हणजे ओढ, एवढंच उरलं.

ही गोष्ट सगळ्यात आधी नाईकांच्या बायकोच्या लक्षात आली. ती शाळेतल्या सगळ्यांना रांधून घाली. पोरं तिला मावशी म्हणत. वाढताना तिला दिसलं, की पूर्वी एका ताटात जेवणारे दोघे आता दोन टोकांना बसतात.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या दोघांना एकदा समोरासमोर बसवा. आधी एकानं बोलावं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालू नये. मग दुसऱ्यानं सांगावं, याला नेमकं काय लागलं ते. पहिला 'हो, हेच' म्हणेपर्यंत सांगत राहावं. मग दुसऱ्याची पाळी. माझं आणि जाऊबाईंचं असंच निस्तरलं होतं. दुपार गेली, रडारड झाली, पण निस्तरलं."

"मिटलेलं कशाला उकरायचं?" नाईक म्हणाले. "भांडतायत का ते?"

"भांडत नाहीत, तेच तर सांगतेय."

"मग झालं तर!" नाईक हसले आणि पान लावायला बसले.

मधाचा हंगाम आला. शेजारच्या मुलखाचा पाटील आपल्या मुलांना शाळेत घालावं का, हे पाहायला त्यांना घेऊन आला होता. कड्यासमोरच्या माळावर सगळं गाव जमलं. नाईकांनी मुद्दाम सगळ्यात मोठं पोळं निवडलं आणि मुद्दाम खेमा-सोनबाची जोडी पुढे केली. पाटलाला ते म्हणाले, "याच दोघांची मारामारी झाली होती. आज एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात देतो, बघा."

सोनबानं त्यांना बाजूला गाठलं. "नाईक, आज मला दुसऱ्या कुणाचा दोर धरू द्या."

"का? तुमचं मिटलं ना?"

सोनबानं दोर उचलून खांद्यावर घेतला. मग म्हणाला, "मिटलं."

खेमा घोंगडी पांघरून, धुराचा पेंढा घेऊन उतरला. माश्यांचा काळा ढग उठला. पोळ्यापाशी पोहोचल्यावर त्यानं वर पाहिलं, तर काठाच्या खाली, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, दोर एका धारदार दगडावर घासत होता. एक पीळ सुटला होता. खेमाच्या डावीकडे एक कपार होती. थोडी ढील मिळाली असती, तर झोका घेऊन तो तिच्यात शिरला असता. त्यानं झटका दिला. पण ताणलेला दोर दगडावर दाबला गेला होता, झटका वर पोहोचलाच नाही. आता हाक मारायला हवी होती.

वरून सोनबालाही सुटलेला पीळ दिसला. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याला लग्नाचा मांडव आठवला. समोर सगळं गाव होतं. पीळ वरवरचाच निघाला तर? 'सोनबा घाबरला' म्हणून पुन्हा सगळे हसतील. नीट पाहू आणि मग ओरडू, असं म्हणून तो वाकला.

खाली खेमाच्या मनात आलं, ज्यानं माझा दात पाडला, त्याच्यापुढे सगळ्या गावादेखत जिवासाठी ओरडू?

दोनच श्वास गेले असतील. मग दोघे एकदमच ओरडले. एक 'ढील!' म्हणाला, दुसरा 'कपारीत जा!' म्हणाला. तोवर दोर तुटला.

खाली झाडं होती म्हणून खेमा मेला नाही. पण कमरेखालचं त्याचं अंग गेलं ते गेलंच.

नाईकांनी तुटका दोर पाटलाला दाखवला. "दोर जुना होता," ते म्हणाले. "पोरांत काही नव्हतं." पाटील आपल्या मुलांना घेऊन परत गेला.

सोनबा घरातून बाहेर पडेना. शेवटी मावशीनं त्याला हाताला धरून खेमाच्या अंथरुणाशी आणलं. नवऱ्याला न विचारता ती दोघांच्या मधे बसली आणि म्हणाली, "आज माझ्यासमोर बोला. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं."

खेमानं विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"हो."

"मलाही दिसलं होतं. मग लगेच ओरडला का नाहीस?"

"तू पुन्हा सगळ्यांना हसवशील म्हणून," सोनबा म्हणाला. "मी फक्त तुला सांगितलं होतं रे. दुसऱ्या कुणाला नाही."

मावशी खेमाला म्हणाली, "याला काय लागलं, ते तू सांग."

खेमा म्हणाला, "मी हसवलं, ते नाही लागलं याला. मी विश्वास मोडला, ते लागलं."

"हो," सोनबा म्हणाला. "हेच."

मग खेमा बोलला. "मी त्याच वेळी माफी मागणार होतो. खरंच. पण नाईकांनी आधीच मिठी मारायला लावली. मग मागायला काही शिल्लकच राहिलं नाही. वाटलं, आता हा येऊन माझ्या दाताचं विचारेल. तू आला नाहीस."

"तुझी माफी तोंडातच राहिली, आणि मी दाताचं विचारायलाही आलो नाही," सोनबा म्हणाला. "मीही चुकलो."

"हो. हेच."

सगळं बोलणं चुलीवरचा भात शिजायच्या आत संपलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. एवढंच तर हवं होतं.

सोनबा रोज येईन म्हणाला. खेमानं मान हलवली. "नको येऊस. राग नाही आता. पण तू समोर आलास की मला ते दोन श्वास आठवतात." सोनबा त्यानंतर गेला नाही. पुढे तो गावही सोडून गेला.

शाळेतली मुलं एकेक करून घरी जाऊ लागली. कुणाची आई आजारी पडली, कुणाच्या शेतात काम निघालं. दुसऱ्याच्या हाती दोर द्यायची छाती कुणाला उरली नव्हती, पण खरं कारण एकानंही नाईकांना तोंडावर सांगितलं नाही. गप्प राहायलाच तर ते तिथे शिकले होते. नाईक दारात उभे राहून प्रत्येकाला विचारत, "माझं काही चुकलं का?" आणि प्रत्येक जण पाया पडून म्हणे, "नाही नाईक, तसं काही नाही."

तात्पर्य : दोघांचं ऐकून न घेता मिटवलेलं भांडण मिटत नाही, ते नुसतं मुकं होतं.