पाय टेकलेली गाडी

"पण भंते, मन पूर्ण सपाट झाल्याशिवाय निघायचं कसं?"

भंते खेमानंद विहाराच्या अंगणातला पाचोळा झाडत होते. खराटा थांबला नाही.

"कोठं निघायचं?"

"सालेटोल्याला. तिथल्या शाळेत. आज सकाळी पोहोचायचं ठरलं होतं."

"मग?"

"मन हलतंय, भंते."

खराटा मोहाच्या बुंध्याला वळसा घालून आला.

"हाव रे," भंते म्हणाले. "पाचोळाही हलत होता सकाळी. वारा होता."

 आपली चेष्टा झाली की उत्तर मिळालं, हे उदयन रंगारीला कळेना.

नॉर्वेत बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकून तो परत आला होता. तिकडे चांगली नोकरी मिळत होती, ती त्याने घेतली नाही. जंगलाकडेच्या शाळांमधली मुलं लोहचुंबकाचं नुसतं चित्र पाहून लोहचुंबक शिकतात, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याने एक जुनं मोटारहोम मिळवलं. आतला पलंग काढून तिथे प्रयोगाचं लांब टेबल बसवलं. कपाटांत भिंगं, कप्प्या, तारा आणि दुर्बीण ठेवली. तो तिला फिरती प्रयोगशाळा म्हणायचा. टेकडीखालचे लोक घरगाडी म्हणायचे.

गाडी अजून फिरली नव्हती.

पहिल्या शाळेत जाण्याआधी दोन दिवस ध्यानाला बसावं म्हणून तो या टेकडीवर आला, आणि इथेच राहिला. अस्थिर मनाने शिकवलं तर मुलांच्या वाट्याला आपली अस्थिरताच जाईल, असं तो म्हणायचा. अगदी मनापासून म्हणायचा.

त्यात विहाराच्या फरशीची अडचण होती. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गवंड्याने तिला दाराकडे थोडा उतार दिला होता. त्या उतारावर बसलं की मनसुद्धा दाराकडे घरंगळतं, अशी उदयनची तक्रार होती. म्हणून तो आपल्या गाडीतच ध्यानाला बसायचा. गाडीला चार लोखंडी पाय होते. बटण दाबलं की ते खाली यायचे, जमीन चाचपायचे आणि गाडीला हळूहळू सपाट करायचे. समोरच्या पडद्यावरचा हिरवा बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबायचा. खाली आकडा दिसायचा. शून्य.

बुडबुडा रोज मध्यावर असायचा. मन नसायचं.

सालेटोल्याच्या कुंभरे सरांना त्याने दोनदा शब्द दिला होता आणि दोनदा मोडला होता. आज सकाळी सरांचाच फोन आला.

"रंगारी सर, पोट्टे फाटकावर चढून बसले आहेत. तुम्ही या किंवा नका येऊ, मी काही बोलणार नाही. पण आज नाही आलात, तर तुमचं नाव त्यांच्यासमोर मी पुन्हा काढणार नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही मला."

"कळवतो," असं म्हणून उदयनने फोन ठेवला होता. आणि तो भंतेंकडे आला होता, न जाण्याची परवानगी मागायला.

भंतेंनी खराटा मोहाला टेकवला.

"एवढे दिवस अंगणात उभी आहे तुझी गाडी. मला दाखवली नाहीस."

"आत्ता, भंते?"

"मग काय, तुझं मन सपाट झाल्यावर?"

चीवर सावरून भंते उदयनच्या शेजारच्या सीटवर बसले. समोरचा डॅशबोर्ड त्यांनी डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतला. दुकानात आलेल्या लहान मुलासारखे हात मात्र मांडीवरच ठेवले.

गाडीबद्दल बोलायचं म्हटलं की उदयनचा चेहरा उजळायचा.

"हा मागचा कॅमेरा. हे बटण उताराचं. घाटात गाडी स्वतःच ब्रेक धरते. पुढे कुणी आडवं आलं तर ती ओरडते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग थरथरतं. आणि चालवणाऱ्याला डुलकी येतेय असं वाटलं, तर इथे कपाचं चित्र येतं."

"चहा देते?"

"नाही, भंते. थांबून चहा घ्या, असं सुचवते."

"नुसतं सुचवते," भंते जरा निराश होऊन म्हणाले.

उदयनने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर एकदम पुष्कळ दिवे लागले. लाल, पिवळे, निळे. भंतेंचे डोळे मोठे झाले.

मग एकेक करून दिवे विझू लागले.

"अरे, अरे! गेले! बिघडली काय रे?"

उदयनला हसू आलं. "नाही, भंते. विझले म्हणजे सगळं ठीक आहे. काही बिनसलं असेल तरच दिवा जळत राहतो."

"ठीक असताना कोणता लागते?"

"कुठलाच नाही."

"कुठलाच नाही..." भंते पुटपुटले. मग त्यांनी बोट पुढे केलं. "हा तर जळते आहे."

कोपऱ्यात एक लाल दिवा होता. त्यावर छोट्या पायाची खूण होती.

"गाडीचे पाय खाली आहेत ना, म्हणून. सपाट राहण्यासाठी टेकलेले आहेत."

"चांगलं आहे. चाल मग, मला खालच्या फाट्यापर्यंत सोड."

"पाय खाली असताना गाडी हलत नाही, भंते. गिअरच पडत नाही. पाय मोडतील म्हणून तशी सोयच केलेली असते."

"म्हणजे सपाट असते तेव्हा चालत नाही."

"नाही."

"आणि चालते तेव्हा?"

उदयनची नजर पडद्याच्या मध्यावर थांबलेल्या हिरव्या बुडबुड्याकडे गेली.



भंते खिडकीबाहेर बघत होते. एक खार खराट्यावर चढत होती. तिचं त्यांना फार कौतुक वाटत होतं.

उदयनने पाय उचलायचं बटण दाबलं. चारही पाय कुरकुरत वर गेले. गाडी डावीकडे कलली. कपाटातली भिंगं खुळखुळली. हिरवा बुडबुडा पडद्याच्या कडेला जाऊन बसला. लाल दिवा विझला.

"सीटबेल्ट लावा, भंते."

टेकडीची वाट संपून डांबरी रस्ता लागला, तशी गाडी बोलायला लागली. रस्त्याच्या कडा पावसाने खाल्लेल्या होत्या आणि मधला पट्टा कुणी कधी मारलाच नव्हता.

"हे काय लिहून आलं?"

"पट्टा दिसत नाही म्हणते."

"रस्ता दिसते ना?"

"रस्ता दिसतो."

"मग चाल."

वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी किंचाळली. उदयनचे खांदे आखडले. शेळ्या निवांत पलीकडे गेल्या.

"बंदच करतो हे," उदयन म्हणाला. "सारखं ओरडतं. मन जाग्यावर राहत नाही."

"शेळ्या नव्हत्या काय?"

"होत्या."

"मग खोटं कोठं बोलली बिचारी?"

उदयनचा हात बटणापर्यंत गेला होता. तो त्याने स्टिअरिंगवर परत आणला.

फाटा आला. उजवीकडे तालुक्याचा रस्ता होता आणि डावीकडे सालेटोला. उदयनने गाडी हळू केली.

"भंते, फाटा आला. इथे उतरणार ना?"

भंतेंनी डोळे मिटले होते.

"भंते?"

 श्वास संथ चालला होता. झोपले होते की ध्यानात होते, कुणी सांगावं? मागून एसटीने हॉर्न वाजवला. एकदा... मग सलग. रस्ता अरुंद होता. थांबायला जागा नव्हती, आणि भंतेंना हलवून उठवायचं त्याच्या जिवावर येत होतं.

उदयनने गाडी डावीकडे घातली.

बऱ्याच अंतरावर, डोळे न उघडताच, भंते म्हणाले, "उजवीकडे वळला असतास तर मला शाळेपर्यंत फार लांब चालत यावं लागलं असतं."

शाळेच्या फाटकावर मुलं खरंच चढून बसली होती. गाडी दिसताच त्यांनी जो गिल्ला केला, तो टेकडीपर्यंत गेला असेल. सगळी मुलं गाडीला येऊन भिडली. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. काचेला नाकं चिकटली. डॅशबोर्ड चारी दिशांनी लाल झाला आणि सगळे भोंगे एकदम वाजू लागले.

"काय म्हणते?" भंतेंनी आवाज चढवून विचारलं.

"माणसं फार जवळ आली आहेत म्हणते!"

"खरं सांगते," म्हणून भंते खाली उतरले आणि कुंभरे सरांबरोबर पटांगणातल्या मोहाच्या सावलीत जाऊन बसले.

उदयनने गाडी पटांगणात घेतली. मागचं दार उघडून दिलं आणि सपाट करण्याचं बटण दाबलं. पाय खाली गेले, जमीन चाचपली आणि थांबले. पटांगण ओढ्याकडे उतरत गेलेलं होतं. पडद्यावर अक्षरं आली: उतार जास्त आहे, जागा बदला. पाय आपले आपण वर गेले.

त्याने जागा बदलली. पुन्हा तेच.

 तो उतरून कुंभरे सरांपाशी गेला.

"सर, इथे जमणार नाही. गाडी सपाट होत नाही. आज जागा बघून ठेवतो आणि उद्या नक्की..."

 कुंभरे सरांनी खाली मान घालून चष्मा पुसायला घेतला.

भंते पायातला काटा काढण्यात गुंतले होते.

तेवढ्यात गाडीत खळकन आवाज झाला आणि पाठोपाठ हशा उसळला.

"सर! ओ सर! तुमच्या टेबलात भूत आहे!"

उदयन धावला. मुलं केव्हाच आत चढली होती. फुलवंती नावाच्या एका मुलीने खिशातला काचेचा गोल कंचा टेबलाच्या टोकाला ठेवला होता. तो आपोआप निघाला, टेबलभर पळाला आणि पलीकडून खाली पडला. ज्या टेबलाला त्याने इतके दिवस शून्यावर जपलं होतं, त्याच्यावरून.

"भूत नाही ओ, उतार आहे," एकजण म्हणाला.

"मग माझा खोडरबर काहून नाही पळत?"

"तो चौकोनी आहे, येडे!"

"मोठा कंचा आधी पोहोचन की लहान?"

"मोठा! वजन आहे त्याला."

"लहान! हलका आहे तो."

फुलवंती उदयनकडे वळली. "सर, तुम्ही सांगा."

उदयनने तोंड उघडलं. मग त्याला वाटलं, सांगून सगळी मजा जाईल.

"मी नाही सांगणार. दोन्ही एका रेषेत धर. ढकलायचं नाही, नुसती बोटं काढायची. पलीकडे कोण बसतंय कान लावून?"

कंचे सुटले. सगळ्यांचा श्वास रोखलेला...

टक्.

एकच आवाज आला.

"पुन्हा!" मुलं ओरडली.

"पुन्हा," उदयनही ओरडला.

मग पुन्हा, आणि पुन्हा. कुणी लोखंडाची गोळी आणली, कुणी बांगडी. बांगडी मागे पडली तेव्हा तर भांडणच लागलं. उतार वाढवायला मुलांनी टेबलावर फळी ठेवली आणि तिच्या एका टोकाखाली पुस्तकं सरकवली. मग पुस्तकं काढून घेतली. सावली मोहाच्या बुंध्याशी गोळा झाली. शाळेतली खिचडी वाढून झाली. कुंभरे सरांनी भंतेंना भिक्खूंच्या नियमाप्रमाणे मध्यान्हीच्या आत जेवू घातलं. उदयनचं ताट दारात निवत राहिलं.

शाळा सुटली, तरी मुलं घरी जाईनात. शेवटी कुंभरे सरांनी त्यांना हाकललं. "अबे, सर पुढच्या आठवड्यातही येणार आहेत!" असं म्हणून त्यांनी उदयनकडे पाहिलं. उदयनने मान हलवली. विचारही न करता.

भंते येऊन आपल्या सीटवर बसले. उदयन स्टिअरिंगमागे बसला. हाताला खडू आणि खिचडी दोन्ही लागलेलं होतं. 

"भंते, एक राहूनच गेलं."

"काय?"

"मन. बघितलंच नाही मी त्याच्याकडे. हलत होतं की सपाट होतं... काही ठाऊक नाही."

"आता बघ."

उदयनने डोळे मिटले. ओढ्याकडून मुलांचा आवाज येत होता. कुणीतरी कंचे खेळत होतं.

"आता..." तो म्हणाला, "आता ते काहीच सांगत नाहीये. हे कसं समजायचं, भंते?"

भंतेंनी सीटबेल्ट लावला.

"गाडी काढ."

उदयनने किल्ली फिरवली. दिवे लागले. लाल, पिवळे, निळे. आणि एकेक करून विझत गेले. पायाचा लाल दिवासुद्धा.

भंते पुढे वाकले. त्या काळ्या डॅशबोर्डकडे त्यांनी बराच वेळ काळजीने पाहिलं.

"बाबू, हिचे तर सगळेच दिवे गेले... बिघडली वाटते."