रेघीचं पत्र परत गेलं

एक होती खार. इवलीशी. पाठीवर रेघा, म्हणून नाव रेघी.

चिंचेची फांदी मोडली. कडाड! रेघीचं घर पडलं. रेघी जांभळावर राहायला गेली. नवं झाड, नवी ढोली. पण नवा पत्ता कुणाला सांगितलाच नाही!

मग आलं आईचं पत्र. कुठे गेलं? जुन्या चिंचेवर! तिथे कोण? कुणीच नाही. टपालवाल्या पारव्याने पत्र परत नेलं.

रेघीला कळलं. रेघी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पारवेदादा, पारवेदादा, आईचं पत्र द्या ना!"

पारवा म्हणाला, "घुटुर्र घूं! तुझं घर कुठलं? दारावर पाटी लाव, मग पत्र देतो."

"लावते! पत्र घेतल्याशिवाय मी नाही राहायची!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"सुतारमामा, सुतारमामा, पाटी करा ना!
पारवा पत्र देईना!"

सुतारपक्षी म्हणाला, "टक टक टक! साल आण, मग पाटी करतो."

"आणते! पत्र घेतल्याशिवाय मी नाही राहायची!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"आंबेबाबा, आंबेबाबा, साल द्या ना!
मामा पाटी करेना,
पारवा पत्र देईना!"

आंबा म्हणाला, "सळ सळ सळ! तहान लागली गं. पाणी आण, मग साल देतो."

"आणते! पत्र घेतल्याशिवाय मी नाही राहायची!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोडा ना!
आंबा साल देईना,
मामा पाटी करेना,
पारवा पत्र देईना!"

पाण्याचा पाट म्हणाला, "टिप टिप टिप! वाटेत हे एवढं मोठं ढेकूळ. ते हलव, मग पाणी सोडतो."

रेघीने ढकललं. हुश्श! पुन्हा ढकललं. हुश्श! ढेकूळ जागचं हललं नाही.

"हलवतेच! पत्र घेतल्याशिवाय मी नाही राहायची!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ढेकूळ हलव ना!
पाट पाणी सोडेना,
आंबा साल देईना,
मामा पाटी करेना,
पारवा पत्र देईना!"

म्हैस म्हणाली, "फुर्र फुर्र! कानात कुसळ गेलंय गं. फार टोचतंय. ते काढ, मग ढेकूळ हलवते."

बाप रे! केवढी म्हैस! केवढी शिंगं! रेघी घाबरली. पण चढली. शेपटीवरून पाठीवर. पाठीवरून मानेवर. कानात घातला इवलासा हात. खेच... खेच... फट! निघालं कुसळ!

"हाऽऽ! बरं वाटलं गं बाई," म्हैस म्हणाली.

म्हशीने ढेकूळ हलवलं. धप्प!
पाटाने पाणी सोडलं. खळखळ!
आंब्याने साल दिली. सळसळ!
मामाने पाटी केली. टक टक टक!

रेघीने पाटी दारावर लावली: रेघी खार, जांभळाचं झाड.

फडफड फडफड! पारवा आला. "रेघी, टपाल!"

रेघीने पत्र उघडलं. आईने लिहिलं होतं, "बाळ रेघी, तुझी फार आठवण येते. भेटायला येऊ का?"

रेघीने लगेच उत्तर लिहिलं. "आई, ये ये! पण चिंचेवर जाऊ नकोस. मी आता जांभळावर राहते. खालून तिसरी फांदी."

पारवा उत्तर घेऊन उडाला.

दोन दिवस गेले. जांभळाखाली कोण आलं? तुरुतुरु तुरुतुरु. पहिली फांदी. दुसरी फांदी. तिसरी फांदी.

"आई!"

आई शिरली घरात,
गोष्ट संपली दारात.