प्रिंटरचे नाव

लोक कॉम्प्युटरवर कापडी खोळ घालून ठेवत, त्या काळची गोष्ट. एका शाळेतल्या कॉम्प्युटरमध्ये म्हातारी नोंदवही राहत होती. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणत्या यंत्राला कशी हाक मारायची, सारे तिच्या पानांत होते.

एप्रिलमध्ये सफाई नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आला. "कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळवतो," म्हणाला. निघून गेलेल्या प्रोग्रॅमांची नावे त्याने खोडली. ते ठीकच केले. मग तो प्रिंटरच्या नावापाशी थांबला.

"याला दहा महिने कुणी हाक मारलेली नाही. मेला असणार."

"तो जूनमध्येच लागतो, दाखले छापायला," नोंदवही म्हणाली. "निदान एक प्रत ठेव, मग खोड."

"आजीबाई, केराची प्रत कुणी ठेवतं का?"

सफाईने तेही नाव खोडले. कॉम्प्युटर तसूभरही जोरात पळाला नाही. जून आला. मुले दाखल्यांसाठी रांगेत उभी राहिली. "इथे प्रिंटर नाही," कॉम्प्युटर म्हणाला. सफाई तोवर दुसऱ्या शाळेत वाऱ्याच्या गोष्टी सांगत होता. नोंदवहीला कुणीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते, पण नाव आठवेना.

हातभर अंतरावर प्रिंटर हिरवा दिवा लावून, कोरा कागद तोंडात धरून हाकेची वाट पाहत होता.