मुकुंददादाचा उपास

“मग आता मी अजून करू तरी काय, महाराज?”

अच्युतने विचारलं खरं, पण उत्तर ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो पार वैतागला होता, आणि वैतागलेल्या माणसाला उत्तर नको असतं, ऐकणारा हवा असतो.

विमलगिरी महाराज मठाच्या ओसरीवर गंध उगाळत बसले होते. नैवेद्याची वेळ होत आली होती.

“दादाला मधुमेह. पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. नजर अधू झालीय. आणि हा माणूस पितो! समजावलं, रागावलो, पाया पडलो. बाटल्या मोरीत ओतल्या. त्याने दारू सोडावी म्हणून मी गोड सोडलं. तो मात्र काल परत झुलत घरी आला.”

महाराज गंध उगाळत राहिले.

अच्युतचं दादावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. आईवडील गेले तेव्हा तो शाळकरी पोर होता. मुकुंददादाने त्याला लहानाचा मोठा केला, त्याच्यापायी स्वतःचं लग्नही केलं नाही. तो दादा डोळ्यांदेखत संपत चाललेला पाहून अच्युतचा जीव तुटायचा. फक्त मठाची वाट धरल्यापासून त्याला प्रत्येक दुखण्यावर व्रतच सुचायचं.

“पण या वेळी जालीम उपाय काढलाय,” तो म्हणाला. आवाजात जराशी ऐट आली.

“कोणता?”

“प्रायश्चित्त. देवापुढे शपथच घ्यायला लावली. ज्या दिवशी पिशील, त्याच्या दुसऱ्या दिवशी कडक उपास. पाण्याशिवाय काही नाही. स्वयंपाकघराला कुलूप, बाहेरच्या दारालाही कुलूप. आज पहिलाच उपास.”

“आणि त्याने ऐकलं?”

“मुकाट्याने. मान खाली घालून बसलाय सकाळपासून.”

महाराजांचा हात थांबला.

“सकाळची इन्सुलिनची सुई?”

“ती मी कधी चुकवत नाही. स्वतः टोचली. नेहमीएवढीच.”

“सुई टोचल्यावर काय करायला सांगितलंय डॉक्टरांनी?”

“वेळेवर जेवायला… पण महाराज, व्रत म्हणजे व्रत. एक दिवस पोट रिकामं राहिलं तर काय बिघडतंय? झाली तर साखर कमीच होईल.”

महाराजांनी सहाण बाजूला सारली.

“महाराज?”

“त्याला फोन लाव. मलाही ऐकू येऊ दे.”

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला.

“कोण… अच्… अरे दिवा… दिवा लाव ना…”

शब्द जड होते, एकमेकांत अडकत होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

अच्युतने कपाळावर हात मारून घेतला.

“ऐकलंत? भरदुपारी! उपासाच्या दिवशी! या माणसापुढे मी आता हात टेकले.”

“घरात बाटली आहे?”

“एक थेंब नाही. कोपरा न्‌ कोपरा धुंडाळलाय मी.”

“कुणी आणून दिली असेल?”

“कशी देणार? किल्ली माझ्या खिशात आहे.”

“मग तो प्यायला काय, अच्युता?”

अच्युतचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

महाराज केव्हाच उठले होते. गाभाऱ्यात नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं होतं, शेजारी गुळाच्या पन्ह्याचा तांब्या. त्यांनी तांब्या उचलला.

“महाराज, नैवेद्य दाखवायचाय अजून!” सवयीने अच्युत बोलून गेला. “आणि गुळाचं पन्हं… दादाला? त्याला तर विष आहे ते!”

“देव थांबेल,” महाराज म्हणाले. “तो नाही थांबणार. चल.”

घर मठामागच्याच गल्लीत होतं. वाटेत महाराजांनी डॉक्टरांना फोन करायला लावला. दाराशी आल्यावर अच्युत घाईत स्वयंपाकघराचीच किल्ली बाहेरच्या कुलपात घालत राहिला. शेवटी महाराजांनीच कुलूप काढलं.

मुकुंददादा भिंतीला टेकून बसला होता. सदरा घामाने चिंब. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. अच्युत त्याच्या तोंडाजवळ वाकला. वास नव्हता.

महाराजांनी आधी घोटभर पाणी पाजून पाहिलं. गिळता येत होतं. मग पन्ह्याचा एक घोट, थांबून दुसरा. अच्युतने दादाला छातीशी धरून ठेवलं होतं. लहानपणी तापात दादा त्याला असाच धरून बसायचा, हे त्याला आठवलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

किती वेळ गेला कोण जाणे. दादाच्या नजरेत हळूहळू माणूस परत आला.

“अच्युत,” तो पुटपुटला, “आज नाही रे प्यायलो. तुझ्या गळ्याची शपथ.”

अच्युत हमसाहमशी रडला. डॉक्टर आले, तपासून गेले. सुई टोचून उपाशी ठेवल्याने साखर पार उतरली होती, असं सांगून जाताना त्यांनी अच्युतला उंबऱ्यातच असं काही झापलं की त्याने मान वर केली नाही. स्वयंपाकघराचं कुलूप निघालं. दादा भिंतीशी बसून वरणभात खाऊ लागला, सावकाश, एकेक घास.

त्याला खाताना पाहून अच्युतला बरं वाटलं. पण थोड्या वेळाने जुना वैताग पुन्हा डोकं वर काढू लागला. काय करणार, माणूसच तो.

“महाराज, आज वाचला. पण हा दारू सोडायचा नाही, मला माहीत आहे. चार दिवसांनी परत झुलत येईल. तेव्हा मी काय करू? नुसतं बघत बसू? भांडूही नको?”

महाराज आपल्या उपरण्याने दादाच्या मानेवरचा घाम टिपत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“भांड की. पण ताट वाढून भांड.”